वस्तू जपल्या, नावे हरवली
(जगातील जुन्या लोककलेच्या संग्रहांविषयी)

स्मरणिकेसाठी 'काहीतरी माहितीपर लिहा' असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. आम्ही काही कलेचे अभ्यासक नव्हे. बी. ए. ला इतिहास हा विषय होता, एवढेच. त्यानंतरची २० वर्षे बँकेच्या काउंटरमागे गेली. तरीही जुन्या लोककलेच्या संग्रहांविषयी लिहायचे ठरवले, त्याला एक घरगुती कारण आहे.

आमच्या आजीने शिवलेली एक वाकळ घरात होती. वर-खाली तिची स्वतःची जुनी लुगडी, मध्ये आजोबांची फाटकी धोतरे, आत्याच्या परकराचे तुकडे, आणि कडेकडेने आत आत सरकत गेलेला धावदोरा. आजी गेल्यावर काही वर्षांनी ती वाकळ माळ्यावर गेली. पुढे एका दिवाळीच्या साफसफाईत ती बोहारणीला दिली आणि तिच्या बदल्यात स्टीलचा एक डबा घेतला. त्या वेळी घरात कोणाला काही वाटले नाही, आम्हालाही नाही. नंतर केव्हातरी वाचनालयात एका चित्रग्रंथात अमेरिकेतल्या एका गोधडीचे पानभर छायाचित्र पाहिले. कामाच्या जुन्या कपड्यांची, विटक्या रंगांची, ठिगळाठिगळांची गोधडी. पण ती संग्रहालयात एखाद्या चित्रासारखी मांडली होती आणि खाली शिवणाऱ्या बाईचे नाव, गाव व साल छापले होते. तशीच एक वाकळ आम्ही डब्यावर देऊन बसलो होतो!

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. जगभरच्या लोकांनी या साध्यासुध्या वस्तू का गोळा केल्या, कशा केल्या, त्यात काय कमावले आणि काय गमावले, हे वाचकांपुढे थोडक्यात ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लोककला कशाला म्हणावे?

राजेरजवाड्यांच्या आश्रयाने, नामांकित कलावंतांनी घडवलेल्या वस्तू म्हणजे दरबारी कला. याउलट कोणत्याही कलाशाळेत न गेलेल्या माणसांनी, आईबापांकडून किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून शिकून, स्वतःच्या किंवा गावाच्या उपयोगासाठी केलेल्या वस्तू म्हणजे लोककला. नॉर्वेमधील फुलांच्या नक्षीच्या रंगीत पेट्या, मेक्सिकोतील मातीची खेळणी, पोलंडमधील कागद कापून केलेली चित्रे, बंगालचा कांथा, बस्तरच्या ओतीव पितळी मूर्ती आणि आपली वाकळ, ही सगळी याच कुळातली मंडळी आहेत.

अशा वस्तूंपैकी जुन्या वस्तू फार थोड्या उरतात. सोन्याचा मुकुट पेटीत राहतो, पण सूप मोडेपर्यंत पाखडायचेच असते आणि गोधडी विरेपर्यंत पांघरायचीच असते. सामान्यतः १०० वर्षांहून जुनी वस्तू 'पुरातन' समजली जाते. शंभर वर्षे टिकलेले सूप मिळणे हे शंभर वर्षे टिकलेला मुकुट मिळण्यापेक्षा अवघड, ही गोष्ट जगाच्या लक्षात यायला बराच काळ लागला.

एका घागऱ्यापासून सुरुवात

युरोपात ती प्रथम ज्यांच्या लक्षात आली, त्यांत स्वीडनचे आर्तुर हासेलियस यांचे नाव घ्यावे लागते. १८७२ च्या सुमारास ते आपल्या देशातील डालार्ना या भागात फिरत होते. आगगाडी आली होती, गिरणीचे कापड स्वस्त झाले होते आणि खेड्यांतला घरी विणलेला पोशाख लोक टाकून देत होते. हासेलियस यांनी त्या प्रवासात लोकरीचा एक बायकी घागरा विकत घेतला. हीच त्यांच्या संग्रहातील पहिली वस्तू समजली जाते. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७३ मध्ये, त्यांनी स्टॉकहोम येथे आपला संग्रह लोकांना खुला केला. त्याचेच पुढे नॉर्डिक संग्रहालय झाले. १८९१ मध्ये त्यांनी 'स्कानसेन' सुरू केले. तेथे निरनिराळ्या भागांतील जुनी घरे उचलून आणून आख्खे गावच उभे केले. उघड्यावरील संग्रहालयांची जगातील परंपरा येथूनच सुरू झाली असे मानतात.

यात एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या कारखान्यामुळे हाताचे काम मरते, त्याच कारखान्याच्या कमाईवर वाढलेला शहरी वर्ग ते काम जपू लागतो. घागरा टाकणारी बाई खेड्यातली, उचलून ठेवणारा गृहस्थ शहरातला. लोककलेच्या संग्रहाची कथा सर्वत्र साधारण अशीच आहे.

जपानचे यानागी आणि अनाम कारागीर

दुसरे नाव जपानचे. यानागी सोएत्सू (१८८९ ते १९६१) हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. कोरियातील साध्या मातीच्या भांड्यांनी त्यांना वेड लावले. त्या वेळी कोरिया जपानच्या ताब्यात होता. सत्ताधारी देशाचा नागरिक असूनही यानागी यांनी कोरियन लोकांच्या बाजूने लेखन केले. सेऊल येथील राजवाड्याची जुनी वेस, ग्वांगह्वामुन, पाडण्याचे घाटत होते, तेव्हा १९२२ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. १९२४ मध्ये सेऊललाच कोरियन लोककलेचे दालन उघडले. गोळा केलेली भांडी मायदेशी न नेता ज्यांची त्यांच्याच गावी ठेवली, ही गोष्ट त्या काळात सोपी नव्हती.

त्याच वर्षी एका संग्राहकाकडे कोरियन भांडी पाहायला गेले असता यानागी यांना लाकडात कोरलेल्या काही बुद्धमूर्ती दिसल्या. त्या मोकुजिकी नावाच्या फिरत्या भिक्षूच्या होत्या. हा भिक्षू १७१८ मध्ये जन्मला, १८१० मध्ये वारला. उतारवयात तो गावोगाव हिंडला आणि जाईल तिथल्या लाकडातून मूर्ती कोरून तिथेच ठेवत गेला. त्याच्या मूर्तींचे चेहरे गोल आणि हसरे आहेत. त्यात राजेशाही थाट नाही, शेजारच्या आजोबांचा जिव्हाळा आहे. यानागी यांनी जपानभर हिंडून अशा शेकडो मूर्ती शोधल्या. विस्मरणात गेलेल्या एका भिक्षूचे नाव एका संग्राहकाच्या पायपिटीमुळे पुन्हा लोकांना कळले.

१९२५ मध्ये यानागी आणि त्यांचे कुंभार मित्र हामादा शोजी व कावाई कांजिरो यांनी 'मिंगेई' हा शब्द तयार केला. मिंगेई म्हणजे लोकांची कला. १९३६ मध्ये टोकियोत जपानी लोककला संग्रहालय उभे राहिले. आज त्यात सुमारे १७,००० वस्तू आहेत. यानागी यांचे म्हणणे असे, की जो कारागीर आपले नाव वस्तूवर टाकत नाही, 'मी केले' असा अहंकार ज्याला नाही, त्याच्या हातून खरे सौंदर्य निपजते. बौद्ध विचारातील अहंकार-त्यागाशी त्यांनी हे जोडले.

विचार मोठा आहे, पण येथे आम्ही थोडे अडखळलो. अहंकार नसणे ही एक गोष्ट आणि नाव विचारलेच न जाणे ही दुसरी. ज्याला नाव सांगण्याची संधी आहे त्याने ते न सांगणे, याला त्याग म्हणता येईल. पण पिढ्यान्‌पिढ्या मडकी, टोपल्या, वहाणा करणाऱ्या हातांना 'तुझे नाव काय' असे कोणी विचारलेच नसेल, तर त्याला त्याग कसे म्हणावे? बँकेत एखादी रक्कम आली आणि ती कोणाची हे कळले नाही, तर ती उचंत खात्यात टाकतात. रक्कम खरीच असते. धनी सापडेपर्यंत ती तशीच पडून राहते. जगातील संग्रहालये पाहिली तर लोककलेचा फार मोठा भाग असाच उचंत खात्यात पडला आहे.

सांता फे येथील एक लाख वस्तू

जगभरची लोककला एकाच छपराखाली पाहायची असेल, तर अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे हे गाव प्रसिद्ध आहे. तेथील आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालय फ्लॉरेन्स डिबेल बार्टलेट या बाईंनी स्थापन केले आणि १९५३ मध्ये ते खुले झाले. हातांनी केलेल्या वस्तू देशोदेशींच्या लोकांना जवळ आणतात, ही त्यांची श्रद्धा होती. पुढे अलेक्झांडर गिरार्ड (१९०७ ते १९९३) या वास्तुशिल्पी व कापड-रचनाकाराने आणि त्यांच्या पत्नी सुझान यांनी जमवलेला संग्रह १९७८ मध्ये या संग्रहालयाला दान केला. त्यात शंभराहून अधिक देशांतील एक लाखाहून जास्त वस्तू होत्या : खेळणी, बाहुल्या, मातीची गावे, कठपुतळ्या, मुखवटे, कापडे. भारताशी गिरार्ड यांचा संबंध होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५५ मध्ये भारतीय वस्त्रे व अलंकरणकलेचे प्रदर्शन भरले, त्याची मांडणी त्यांची होती.

१९८२ मध्ये सांता फे येथे या संग्रहातील सुमारे १०,००० वस्तूंचे कायम प्रदर्शन सुरू झाले. गिरार्ड यांनी ते स्वतः मांडले. मातीच्या बाहुल्यांचा बाजार, लग्नाची वरात, स्वर्ग आणि नरक, अशी दृश्येच्या दृश्ये. एक मोठी विशेष गोष्ट म्हणजे, वस्तूंजवळ नावाच्या पाट्या लावायच्या नाहीत असे त्यांनी ठरवले. माणसाने आधी डोळे भरून पाहावे, वाचत बसू नये, असा हेतू. माहिती हवी असणाऱ्यासाठी वेगळी पुस्तिका ठेवतात.

लहान मुलांना हे दालन फार आवडते असे म्हणतात आणि ते पटते. तरीही मनात येते, की पाटी लावायची झाली असती तर तिच्यावर काय लिहिले असते? देश, प्रांत, फार तर दशक. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत करणाऱ्याचे नाव विकत घेतानाच राहून गेले असणार. बाजारात खेळणे घेताना आपण तरी कुठे विचारतो?

पाच डॉलर आणि एक टिपणवही

पण विचारले तर काय होते, याचेही उदाहरण आहे, आणि ते आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते.

हॅरिएट पॉवर्स ही अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील काळी बाई. १८३७ मध्ये गुलामगिरीतच जन्मली. गुलामगिरी संपल्यावर नवऱ्यासह थोडी शेती करू लागली. तिने बायबलमधील गोष्टी कापडाच्या आकृत्यांनी दाखवणारी एक गोधडी शिवली आणि १८८६ मध्ये अथेन्स या गावच्या जत्रेत मांडली. जेनी स्मिथ नावाच्या एका गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेने ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएटने साफ नकार दिला. पुढे चार-पाच वर्षांत दिवस वाईट आले. तेव्हा ती स्वतःच गोधडी घेऊन आली. तिने १० डॉलर मागितले. स्मिथबाईंनी आपल्याजवळ पाचच आहेत असे सांगितले. नवऱ्याच्या सांगण्यावरून हॅरिएटने पाच डॉलरला गोधडी दिली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडील कोणत्याही गावात घडावी अशीच आहे. पुढचा भाग मात्र वेगळा आहे. देण्यापूर्वी हॅरिएटने गोधडीतील अकराही चौकोनांचा अर्थ एकेक करून सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून घेतला. नंतरही हॅरिएट आपली गोधडी पाहायला अनेकदा त्यांच्या घरी येत असे. पोर सासरी दिल्यावर आई भेटायला जावी, तसे ते जाणे वाटते.

ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. तिची दुसरी गोधडी बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. त्या दुसरीत १८३३ साली आकाशातून पडलेल्या उल्कांचा वर्षाव कापडात दाखवला आहे. ही घटना हॅरिएटच्या जन्माआधीची. म्हणजे गुलामांच्या वस्तीत तोंडोतोंडी राहिलेली ती आठवण तिने शिवून ठेवली. तिचे सांगणे कोणी टिपले नसते, तर आज तज्ज्ञांनी त्या ठिपक्यांना नुसती नक्षी म्हटले असते. टिपणवहीमुळे ती नक्षी न राहता साक्ष झाली. पाच डॉलरचा व्यवहार न्याय्य होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्या व्यवहारात नाव आणि अर्थ हरवला नाही, हेही तितकेच खरे.

जीज बेंडच्या गोधड्या

आता आम्ही वाचनालयात पाहिलेल्या त्या छायाचित्राकडे वळू. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. एके काळी तो कापसाचा मळा होता. १८४५ मध्ये पेटवे नावाच्या जमीनदाराने तो घेतला आणि सुमारे १०० गुलामांना उत्तर कॅरोलिनाहून तिथपर्यंत पायी चालवत आणले. गुलामगिरी संपली तरी मालकाचे आडनाव लोकांना चिकटून राहिले. आजही तेथील अनेक कुटुंबे पेटवेच आहेत. पुढे १९६२ मध्ये, काळे लोक मतदार म्हणून नोंदणीसाठी जाऊ लागले त्या सुमारास, तालुक्याच्या गावी नेणारी नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले.

या वस्तीतील बायका थंडी भागवण्यासाठी गोधड्या शिवत. कापड विकत घेण्याची ऐपत नव्हती. शेतात घालायच्या विजारी, पिठाची पोती, जे मिळेल ते. आम्ही पाहिलेली गोधडी मिझुरी पेटवे या बाईची, १९४२ सालची. नवरा वारल्यावर तिने त्याचे कामाचे कपडे फाडले आणि त्यांचीच गोधडी केली; त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावे म्हणून. मुलीने हे पुढे सांगितले. गुडघ्यावर विटलेल्या विजारीचा रंग आणि खिसा उसवल्यावर उरलेला गडद चौकोन त्या गोधड्यांत तसेच्या तसे दिसतात. शेतातील श्रमाचा हिशेबच जणू कापडावर उतरला आहे.

विल्यम आर्नेट या संग्राहकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस या गोधड्या जमवायला सुरुवात केली. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कला त्यांचे प्रदर्शन झाले. मोठमोठ्या समीक्षकांनी वाखाणणी केली. २००६ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने या गोधड्यांची १० तिकिटे काढली. या सर्व वेळी शिवणाऱ्या बायकांची नावे बरोबर होती. प्रदर्शनाला त्या स्वतः हजर राहिल्या. तरीही प्रश्न सुटला नाही. त्यांच्या नक्षी गालिच्यांवर, भेटवस्तूंवर छापून विकल्या जाऊ लागल्या. त्यातील आपला वाटा मिळाला नाही, असे म्हणून २००७ मध्ये काही बायकांनी न्यायालयात दावे लावले. आर्नेट कुटुंबाने आरोप नाकारले. २००८ मध्ये ते दावे तडजोडीने मिटले.

कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवणे आमचे काम नव्हे. पण यातून एक पायरी स्पष्ट होते. पहिली पायरी वस्तू जपणे. दुसरी पायरी नाव जपणे. तिसरी पायरी हक्क जपणे. जगातील बहुतेक संग्रह पहिल्या पायरीवर थांबले आहेत.

जे गोळा करूच नये

काही वस्तू मात्र अशा असतात, की त्या जपणे हाच अन्याय ठरतो. न्यू मेक्सिकोतीलच झुनी या आदिवासी लोकांचे उदाहरण घ्या. ते लाकडात रक्षक देवता कोरतात आणि उघड्या डोंगरमाथ्यावर ठेवतात. ऊन-पावसात झिजत झिजत ती मूर्ती मातीला मिळावी, हाच तिचा धर्म. संग्राहकांनी 'सुंदर जुनी लोककला' म्हणून त्या उचलल्या आणि काचेच्या कपाटात ठेवल्या. झुनी लोकांच्या मते अशा पळवलेल्या देवतांमुळे जगाचे स्वास्थ्य बिघडते. १९७८ पासून त्यांनी त्या परत मागायला सुरुवात केली आणि अनेक संग्रहालयांनी त्या परत केल्या. आता त्या पुन्हा डोंगरावर झिजत आहेत. अमेरिकेने १९९० मध्ये याविषयी कायदाही केला.

आपल्या वाचकांच्या मनात येथे पिप्रहवा येईलच. ते लोककलेत मोडत नाही, पण प्रश्न तोच आहे. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपात भगवान बुद्धांच्या अस्थींबरोबर सापडलेली रत्ने एका इंग्रज कुटुंबाकडे राहिली होती. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव ठरला. भारत सरकारने हरकत घेतली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये रत्ने भारतात परत आली. एकाला जो दागिना दिसतो, तो दुसऱ्याला वंदनीय असतो. गोळा करणाऱ्याने हा भेद आधी विचारून घ्यावा.

खरे जुने कसे ओळखावे?

वाचकांपैकी कोणाला घरातील किंवा बाजारातील जुन्या वस्तूंची आवड असेल, तर काही साध्या खुणा सांगतो.

(१) झीज कुठे आहे ते पाहावे. खरी झीज हात लागतो तिथे असते : मुठीला, कडेला, बुडाला. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती मुद्दाम केलेली असण्याचा संभव आहे.

(२) लाकूड वाळताना आडव्या अंगाने जास्त आकसते. त्यामुळे कातलेले जुने लाकडी भांडे अगदी गोल राहत नाही, किंचित लांबट होते. काटेकोर गोल असेल तर शंका घ्यावी.

(३) किड्यांनी पाडलेली भोके कशीही विखुरलेली व आत वाकडीतिकडी गेलेली असतात. सरळ, नेटकी भोके गिरमिटाची समजावीत.

(४) कृत्रिम रंगांचा शोध १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये लागला; पहिला रंग जांभळा होता. तेव्हा असा रंग असलेले कापड कोणी २०० वर्षांचे म्हणून विकू लागला, तर हसून पुढे जावे.

(५) चहाचे पाणी, धूर आणि मातीत पुरणे, हे नव्याचे जुने करण्याचे जगभरचे उपाय आहेत. वास घेऊन पाहिला तरी पुष्कळ कळते.

वस्तू जपताना तिला घासूनपुसून चकचकीत करू नये; वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आलेली झाक एकदा गेली की परत येत नाही. कापड घडी घालून ठेवले की घडीवर विरते, म्हणून सुती कापडात गुंडाळून ठेवावे. ऊन आणि ओल दोन्हींपासून दूर ठेवावे.

कायदाही माहीत असावा. पुराणवस्तू व कलासंपत्ती अधिनियम १९७२ मध्ये झाला आणि १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि हस्तलिखित असल्यास ७५ वर्षांहून जुने, पुराणवस्तू ठरते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि शासनाने जाहीर केलेल्या प्रकारांतील वस्तूंची नोंदणी करावी लागते.

आपल्याकडील दोन कामे

महाराष्ट्रात या कामाचे मोठे उदाहरण म्हणजे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहाला आरंभ केला. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि पुढे सर्व संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. २०,००० हून अधिक वस्तू : दिवे, अडकित्ते, दौती, पाय घासायच्या वज्री, वाद्ये, दरवाजे. रोजच्या वस्तूंत किती कल्पकता होती, हे तेथे गेल्यावर कळते. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

दुसरे काम वस्तूंचे नाही, पण आमच्या विषयाशी अगदी लागून आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कामाची थोरवी अशी, की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही लिहिले गेले. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे यांच्यासारख्या बायांनी बाबासाहेबांवरील ओव्या गायल्या, त्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. दळणाऱ्या बाईचे नाव नोंदवहीत लिहिले जाणे, ही साधी गोष्ट नव्हे. जाते आज पुष्कळांच्या घरी अंगणात शोभेला ठेवलेले दिसते. त्याच्यावर काय गायले गेले आणि कोणी गायले, हे किती घरांत सांगता येईल?

आपण काय करावे?

आपल्यापैकी फारच थोड्यांना संग्रहालय उभारता येईल. पण प्रत्येक घरात एक-दोन वस्तू असतातच : आजीचे जाते, आजोबांची हत्यारे, पितळी तपेले, हलगी, एखादी वाकळ. त्या विकू नयेत असा आमचा आग्रह नाही; गरज असते तेव्हा हॅरिएट पॉवर्सलाही विकावे लागले. पण देण्यापूर्वी एक छायाचित्र काढावे. एका वहीत चार ओळी लिहाव्यात : कोणी केली, कोणत्या गावी, कशासाठी, कोणाकडून शिकले. घरात कोणी वृद्ध असतील तर त्यांना आजच विचारावे, कारण ही माहिती दुसऱ्या कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. आपल्या संस्थेने वस्तीतील अशा नोंदींची एक वही ठेवली, तर ५० वर्षांनी तिचे मोल कळेल.

आमच्यापुरते सांगायचे तर वाकळ परत येणार नाही. आईला विचारून आम्ही एका वहीत जेवढे आठवले तेवढे उतरवून ठेवले आहे. आजीचे नाव ना सातबाऱ्यावर होते, ना कुठल्या बँकेच्या खात्यावर. रेशनकार्डावर होते, तेही चुकीचे. वहीत ते पहिल्यांदाच बरोबर लिहिले गेले. आईने त्या वेळी एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला ठाऊकच नव्हती. वाकळेच्या मधोमध एक निळा तुकडा होता. तो आमच्या वडिलांच्या शाळेच्या पहिल्या सदऱ्याचा होता. घराण्यात शाळेत गेलेले ते पहिलेच. आजीने तो तुकडा मुद्दाम मधोमध लावला होता.

तो तुकडा त्या स्टीलच्या डब्याबरोबर गेला. डबा अजून आहे. त्यात आम्ही आता ती वही ठेवतो.